ग्रिनिचचं घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय खलाशी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात जखमी होऊन पडले, तेव्हा त्यांना वाचवायला धडपडणाऱ्या माणसांच्या भिंतींवरची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतली त्यांची बोट 'थुरिया' २१ सप्टेंबरला वादळात सापडली. डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा दुखावला आणि बोटीतल्या बंकवरून हलताही येईना. जागा पर्थच्या पश्चिमेला सुमारे १,९०० सागरी मैलांवर. शोधाची सूत्रं कॅनबेराहून हलत होती, भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं होतं, शर्यतीचे आयोजक फ्रान्सच्या किनाऱ्यावर ले साब्ल दोलोन इथे बसले होते आणि इकडे दिल्ली-मुंबईत नौदलाचे अधिकारी फोनपाशी होते. कॅनबेरात दुपारचे चार वाजतात तेव्हा पर्थला दोन, भारतात साडेअकरा, मॉरिशसला दहा आणि फ्रान्समध्ये सकाळचे आठ. अशा वेळी 'अजून तीन तासांनी' हे शब्द चालतात, पण 'सकाळी सहाला' म्हटलं की घोटाळा झालाच. म्हणून समुद्रावरच्या शोध-बचावाचा सगळा व्यवहार एकाच वेळेत चालतो: ग्रिनिचची वेळ, जिला आज आपण यूटीसी म्हणतो आणि खलाशी 'झुलू' म्हणतात. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्तनौकेने टॉमींना उचललं.

हा प्रसंग पहिल्याच पानावर घेण्याचं कारण आहे. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या माणसाला वेळेचा हिशेब कसा ठेवावा लागतो, यावर पुस्तक लिहितोय म्हटल्यावर बहुतेकांनी विचारलं, ''त्यात काय एवढं? जीपीएस सांगतो की वेळ.'' सांगतो, आणि अतिशय अचूक सांगतो. विमानाने अमेरिकेला जाऊन आलेल्यांना तर हा प्रश्न झोपेच्या खोबऱ्याचा वाटतो: घड्याळ पुढे करायचं, चार दिवस पेंगायचं आणि विसरून जायचं. पण शिडाच्या बोटीवर वेळेतला फरक ही प्रवासाबरोबर येणारी कटकट नसते. तो फरक हाच त्या माणसाचा पत्ता असतो. मला या पुस्तकात मुख्यतः हेच सांगायचं आहे, आणि ते नीट कळलं की बाकीची प्रकरणं सोपी आहेत.

हिशेब शाळेतलाच आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश. तुमच्या डोक्यावर सूर्य माध्यान्ही आला त्या क्षणी ग्रिनिचला सकाळचे सात वाजले असतील, तर तुम्ही ग्रिनिचच्या पूर्वेला पाच तास, म्हणजे ७५ अंशांवर आहात. (सूर्य वर्षभर घड्याळाबरहुकूम चालत नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं आधी माथ्यावर येतो, फेब्रुवारीत १४ मिनिटं उशिरा. ती दुरुस्ती नाविक पंचांगात छापलेली असते.) अक्षांश काढायला अचूक घड्याळ लागत नाही, माध्यान्हीच्या सूर्याची उंची आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर) कळली की झालं. रेखांश मात्र घड्याळाशिवाय निघत नाही. चार सेकंद चुकली की विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकला. मिनिटभर चुकलात तर १५ मैल. प्रवाळाच्या खडकांमधून वाट काढताना १५ मैल म्हणजे काय, ते खलाशालाच विचारावं.

तेव्हा एकट्या खलाशाच्या दृष्टीने खऱ्या वेळा दोनच. एक, डोक्यावरच्या सूर्याची, दुसरी, ग्रिनिचची. उरलेल्या सगळ्या, म्हणजे देशोदेशीच्या प्रमाणवेळा, हे माणसांनी आपापसात केलेले करार आहेत. रेल्वे सुटावी, कचेऱ्या उघडाव्यात, बाजार भरावेत म्हणून केलेले. बोटीवर करार करायला दुसरा माणूसच नसतो. म्हणूनच एकट्याच्या सफरीत वेळेचा प्रश्न इतका उघडावाघडा दिसतो, आणि म्हणूनच मी मोठ्या जहाजांचा विषय न घेता हा घेतला.

हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलेलं प्रकरण आहे, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आपल्या सिद्धांतग्रंथांत लंका आणि उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरलेली आहे आणि तिथून पूर्व-पश्चिमेला किती अंतर, याला 'देशांतर' म्हटलेलं आहे. ते मोजायची रीतही 'सूर्यसिद्धांता'त सांगितली आहे. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेली चंद्रग्रहणाची वेळ आणि तुमच्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतला फरक घ्यायचा. ग्रहण गणितापेक्षा उशिरा लागलं तर तुमचं गाव पूर्वेला, लवकर लागलं तर पश्चिमेला. मूळ विचार तोच, वेळेतल्या फरकातून जागा काढण्याचा. इतकंच काय, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या देशांत वार कधी लागायचा, म्हणजे वारप्रवृत्तीचा प्रश्नही तिथे सोडवलेला आहे. अडचण एकच होती. ग्रहण रोज लागत नाही, आणि समुद्रातल्या माणसाला उत्तर आज हवं असतं.

ते उत्तर रोज देणारं यंत्र, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ, क्रोनोमीटर, १८ व्या शतकात जॉन हॅरिसनने बनवलं. १७१४ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने लावलेलं बक्षीस, सुताराचा मुलगा, चाळीस वर्षांची झटापट ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे; मी तिच्यात शिरत नाही. हॅरिसननंतर सव्वाशे वर्षांनी, क्रोनोमीटर जहाजाजहाजावर पोचल्यावर, एक माणूस तो घरी ठेवून निघाला. त्याची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

जोशुआ स्लोकम. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. २४ एप्रिल १८९५ ला तो बॉस्टनहून 'स्प्रे' ही शिडाची बोट घेऊन निघाला आणि २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परतला. त्याच्याकडे जुना क्रोनोमीटर होता, पण तो साफ करून त्याची चाल बसवून घ्यायला १५ डॉलर पडणार होते. ते त्याला जड वाटले. नोव्हा स्कोशियातल्या यारमथ बंदरात त्याने एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलं. पुढे हिंदी महासागरात त्याचा मिनिटकाटा गळून पडला. स्लोकमने ते घड्याळ उकळत्या पाण्यात घातलं, ते पुन्हा चालू लागलं, आणि नुसत्या तासकाट्यावर तो कोकोस बेटांपर्यंत गेला.

ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. 'बघा, पत्र्याच्या घड्याळावर माणसाने जग पालथं घातलं, मग तुमच्या उपकरणांचं काय कौतुक!' असा तिचा सूर असतो. पण स्लोकमचं खरं घड्याळ आकाशात होतं. चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दर तासाला साधारण स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो. चंद्र आणि सूर्य, किंवा चंद्र आणि एखादा तारा, यांतला कोन मोजला की ग्रिनिचला किती वाजले ते गणिताने काढता येतं. हे गणित किचकट, आणि कोनात एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक झाली तर वेळेत सुमारे दोन मिनिटांची, म्हणजे रेखांशात अर्ध्या अंशाची चूक. हुआन फर्नांडेझ बेटांहून निघून ४३ दिवस झाल्यावर पॅसिफिकमध्ये स्लोकमने असं निरीक्षण घेतलं. उत्तर आलं ते त्याच्या अंदाजापासून शेकडो मैल दूर. त्याने स्वतःवर अविश्वास न दाखवता छापील कोष्टकं तपासली, त्यांत चूक सापडली, ती दुरुस्त केली आणि उत्तर अंदाजाच्या काही मैलांच्या आत आलं. उभा जन्म समुद्रावर काढलेला, गलबतांचा कप्तान राहिलेला हा माणूस होता. पत्र्याचं घड्याळ त्याला परवडलं ते या विद्येच्या जोरावर. ज्याला चंद्र वाचता येत नाही त्याने दुसरं घड्याळ बरोबर न्यावं, शक्य तर तिसरंही.

स्लोकम पश्चिमेकडे गेला. आजचे बहुतेक एकटे खलाशी पूर्वेकडे जातात, कारण दक्षिण गोलार्धात चाळीस-पन्नास अंशांवर वारे पश्चिमेकडून वाहतात आणि ते पाठीवर घेणं शहाणपणाचं. पूर्वेकडे जाणारा सूर्याला सामोरा जातो, त्यामुळे त्याचा दिवस आखूड होतो. ४५ अंश दक्षिणेला १५० मैलांची मजल मारली तर एका माध्यान्हीपासून दुसरी माध्यान्ह २४ तासांना सुमारे १४ मिनिटं कमी असताना येते. चार-साडेचार दिवसांत एक तास होतो. बोट वेगवान असेल तर त्याहून लवकर. शार्ली दालँने २०२४-२५ ची पृथ्वीप्रदक्षिणेची वाँदे ग्लोब शर्यत ६४ दिवस १९ तासांत पुरी केली; त्याच्या वाट्याला आलेला सरासरी दिवस २३ तास ३८ मिनिटांचा होता.

आणि हे थोडे थोडे तुकडे वाया जात नाहीत, त्यांचा एक अख्खा दिवस साठतो. टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला 'म्हादई' ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईतच परतले. एवढ्या काळात मुंबईने जितके सूर्योदय पाहिले, त्याहून एक जास्त त्यांच्यासमोर झाला. तास तेवढेच, सूर्योदय एक अधिक. पश्चिमेकडे जाणाऱ्याचं उलट होतं. मॅगेलनच्या ताफ्यातली उरलेली 'व्हिक्टोरिया' जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर पोचली, तेव्हा जहाजावर बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. ताफ्याबरोबर असलेल्या पिगाफेत्ताने एकही दिवस न चुकवता रोजनिशी लिहिली होती. नोंद चुकली असेल अशी शंका घ्यायला त्याला जागा नव्हती, म्हणून तो अधिकच चक्रावला. त्याची रोजनिशी बरोबरच होती.

हा जमा झालेला किंवा हरवलेला दिवस कुठेतरी चुकता करावाच लागतो, आणि त्यासाठी १८० अंशांच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तीच तारीख, तोच वार पुन्हा धरायचा. कमांडर दिलीप दोंदे यांची प्रदक्षिणा इथे उदाहरणाला सोयीची आहे. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची, 'म्हादई' बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाउन असे चार मुक्काम करत ते १९ मे २०१० ला परतले. यातला न्यूझीलंडमधल्या लिटलटनपासून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लेपर्यंतचा टप्पा पाहा. न्यूझीलंडचं उन्हाळी घड्याळ ग्रिनिचच्या १३ तास पुढे. पोर्ट स्टॅन्लेचं आजचं घड्याळ ग्रिनिचच्या ३ तास मागे. म्हणजे या वाटेवर भिंतीवरचं घड्याळ एकूण ८ तास पुढे सारायचं आणि कॅलेंडर मात्र एक दिवस मागे घ्यायचं. हे वाक्य पहिल्यांदा वाचताना डोकं गरगरतं. थकलेल्या, ओल्या कपड्यांत चार तुकड्यांत झोप घेतलेल्या माणसाच्या डोक्यात ते किती राहील? म्हणून ते डोक्यात ठेवायचंच नाही, कागदावर ठेवायचं.

किनाऱ्यावरच्या वेळांचा नकाशा तर विचारू नये. न्यूझीलंडच्याच चॅटम बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या पाऊण तास पुढे. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या पश्चिमेच्या बाजूला आला. किरिबातीने १९९५ च्या सुरुवातीला रेषाच पूर्वेला लांबवर ढकलली. खुल्या समुद्रावर यातलं काही नाही. तिथे १५ अंशांचे सरळ उभे पट्टे, प्रत्येकाला एक रोमन अक्षर, मधली रेषा १५ च्या पटीत आणि दोन्ही बाजूंना साडेसात अंश. अर्धा तास, पाऊण तास ही भानगड नाही. आपली भारतीय प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांवर बेतलेली आहे, ती रेषा या पट्ट्यांच्या हिशेबात बरोबर पाचव्या आणि सहाव्या पट्ट्याच्या सीमेवर येते. मुंबई पाचव्या पट्ट्यात. तेव्हा नियम काटेकोर पाळायचा तर मुंबई बंदर मागे पडताच घड्याळ अर्धा तास मागे घ्यावं लागतं, आणि मग पूर्वेची सारी वाट पुढे पुढे.

मग बोटीवर किती घड्याळं असावीत? नकाशाच्या टेबलापाशी दोन, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं ग्रिनिचचं, २४ तासांच्या तबकडीचं, पक्कं बसवलेलं. त्याचे काटे निघाल्यापासून परत येईपर्यंत कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने फिरवायचे नाहीत. ते मागे-पुढे पडत असेल तर पडू द्यावं. किती पडतं ते रोज एका ठरलेल्या वेळी रेडिओच्या संकेतावरून वहीत लिहावं. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच ही केंद्रं लघुलहरींवर अहोरात्र सेकंदाचे ठोके देतात आणि दर मिनिटाला वेळ बोलून सांगतात. एकाचा आवाज पुरुषाचा, दुसऱ्याचा बाईचा, म्हणजे कोणतं लागलं तेही कळतं. रोज तेवढीच चूक करणारं घड्याळ विश्वासाचं. आज दोन सेकंद पुढे आणि उद्या पाच मागे जाणारं घड्याळ कितीही महागाचं असो, निरुपयोगी.

दुसरं घड्याळ बोटीच्या वेळेचं, सूर्याच्या मागोमाग सरकणारं. जेवण, झोप, बॅटरीची तपासणी, शिडांची डागडुजी यासाठी. काही खलाशी हे दुसरं घड्याळ ठेवतच नाहीत. सगळी सफर ग्रिनिचवर काढतात. गोंधळ टळतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण १८० अंशांजवळ काय होतं पाहा. तिथे ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे बोटीवरची माध्यान्ह. तारीख ऐन दुपारी बदलते. 'काल रात्री वारा फिरला' अशी नोंद केली तर काल म्हणजे कुठला, ते आठवड्याने स्वतःलाही सांगता येत नाही. आणि धोका पुढेच आहे: सेक्स्टंट हे कोन मोजायचं यंत्र घेऊन माध्यान्हीचा सूर्य मोजायचा तोही याच क्षणी, पंचांगाचं पान उलटायचं तेव्हाच. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्याची क्रांती दिवसाला सुमारे २४ कलांनी बदलते. आदल्या दिवसाचं पान उघडं राहिलं तर अक्षांशात २४ मैलांची चूक. ताऱ्यांच्या निरीक्षणात एका दिवसाची गफलत झाली तर रेखांश जवळजवळ एका अंशाने हलतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ग्रिनिचची तारीख, ग्रिनिचची वेळ, शेजारी बोटीची वेळ, एवढं लिहायचा कंटाळा करू नये. बोटीचं घड्याळ सरकवायचं तेही एकेक तासाने, ठरलेल्या प्रहरी, आणि सरकवल्याची नोंद करून.

घरच्या वेळेसाठी तिसरं घड्याळ टांगू नये. त्याला छोटं कोष्टक पुरे. रविवारी सकाळी नऊला घरचे फोनची वाट पाहत असतील, तर १५० अंश पश्चिमेला असलेल्या माणसाने तो फोन शनिवारी संध्याकाळी साडेपाचला करायचा असतो. तो चुकला तर बोटीवर काही बिघडत नाही, पण घरी तो दिवस कसा जातो, ते ज्यांच्या घरचं माणूस समुद्रावर आहे त्यांना सांगायला नको.

हे सगळं काटेकोरपणे का, याचं सर्वांत कठोर उत्तर डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कागदांत आहे. १९६८ च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तो शेवटच्या मुदतीच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला निघाला. बोट सफरीला लायक नव्हती. अटलांटिकमध्येच घोटाळत त्याने जगाला खोट्या जागा कळवल्या. खोटी जागा कळवायची म्हणजे खोटी निरीक्षणं रचायची, आणि खोटं निरीक्षण रचणं हे खरं घेण्याहून अवघड गणित आहे. ते त्याने महिनोन् महिने केलं. अखेरीस एकांत आणि अपराधाच्या ओझ्याखाली त्याचं मन खचलं. शेवटच्या दिवसांत त्याचं घड्याळ किल्लीवाचून थांबलं होतं आणि कोणती तारीख, किती वाजले, हे त्याला आकाशावरून नव्याने काढावं लागलं. नंतरच्या अखेरच्या नोंदी त्याने तास, मिनिट, सेकंदासह लिहिल्या आहेत. १० जुलै १९६९ ला त्याची बोट 'टिनमथ इलेक्ट्रॉन' रिकामी सापडली. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आपल्या मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून २२ एप्रिलला फाल्मथला परतून जिंकला होता. टॉमींची 'थुरिया' ही याच 'सुहेली'ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती. क्रोहर्स्टबद्दल मला राग नाही, कणव आहे. पण जागा आणि वेळ यांचा धागा जाणूनबुजून तोडला की माणूस कुठल्या पोकळीत जातो, ते त्या वह्यांइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तो धागा रोज कसा बांधला जातो, ते जवळून पाहू. माध्यान्हीला अर्धा तास आहे. खलाशी कॉकपिटमध्ये पाठ टेकून, एक पाय समोरच्या बाकाला रोवून बसला आहे. उजव्या हातात सेक्स्टंट. गडद काचा लावून तो सूर्याचं बिंब आरशातून खाली आणतो, क्षितिजाला टेकवतो आणि मनगट किंचित डोलवतो. बिंब झोक्यासारखं हलतं; झोक्याच्या तळाशी त्याची खालची कड क्षितिजाला जेमतेम शिवली पाहिजे. बोट लाटेच्या माथ्यावर असतानाच खरं क्षितिज दिसतं, खळग्यात दिसते ती पुढची लाट. मोठ्या जहाजावर एकजण सेक्स्टंट धरतो, 'आता' म्हणून ओरडतो आणि दुसरा वेळ टिपतो. इथे दुसरा नाही. 'आता' स्वतःच म्हणायचं, गळ्यातल्या स्टॉपवॉचची कळ दाबायची, सेक्स्टंट छातीशी धरून आत उतरायचं, ग्रिनिचच्या घड्याळापाशी स्टॉपवॉच थांबवायचं आणि तेवढे सेकंद वजा करायचे. सूर्य माथ्यावर आला की तो दोन-तीन मिनिटं हललेलाच दिसत नाही. अक्षांशाला ते चालतं, पण रेखांशाला नेमका क्षण हवा. म्हणून आधीच्या निरीक्षणाचा कोन सेक्स्टंटवर तसाच ठेवायचा आणि सूर्य उतरताना पुन्हा त्याच उंचीला येईपर्यंत थांबायचं. दोन वेळांच्या बरोबर मध्ये माध्यान्ह. अर्ध्या-पाऊण तासात बोट स्वतः सरकली तेवढी बारीक दुरुस्ती करायची. मग वहीत दोन आकडे शेजारी येतात, सूर्याची वेळ आणि ग्रिनिचची वेळ, आणि त्यांच्या वजाबाकीतून नकाशावर पेन्सिलीची फुली पडते.

आज हे करायची गरज नाही, हे मला मान्य आहे. गोल्डन ग्लोबसारखी शर्यत, जिथे जीपीएस वर्ज्य आहे, ती सोडली तर बहुतेक बोटींवर पडद्यावर आकडा तयार असतो. पण तो आकडाही वेळच मोजून काढलेला आहे: उपग्रहांवरच्या अणुघड्याळांचे संदेश किती उशिरा पोचले त्यावरून. आणि मिठाच्या पाण्याने, विजेच्या लोळाने किंवा बॅटरी बसल्याने तो पडदा विझू शकतो. आणखी एक आजची खबरदारी इथेच सांगतो, कारण ती फार साधी आहे आणि फार विसरली जाते. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय निघण्यापूर्वी बंद करावी. किनाऱ्याजवळ आल्यावर फोन एखाद्या मनोऱ्याचा संदेश पकडून गुपचूप त्या देशाच्या वेळेवर जातो, आणि गजर तासभर अलीकडे-पलीकडे होतो. वीस-वीस मिनिटांच्या झोपेवर जगणाऱ्या माणसाला, तेही किनारा जवळ असताना, ही चूक बोटीच्या किमतीची पडते.

मुंबईने हा विषय एकेकाळी घरचा म्हणून अनुभवला आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, त्यामागे जहाजांना अचूक वेळ मिळावी हाही हेतू होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेली 'मुंबई टाइम' शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे चालणारी ती घड्याळं हट्टाची म्हणून सांगितली जातात. सूर्याच्या हिशेबाने ती बरोबर होती.

वाचकांना एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक दिवस गच्चीवर काढा. सपाट जागी एक सरळ काठी उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ आखा. आपल्या जुन्या ज्योतिषांचा शंकू तो हाच. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत जाताना शिवतं ती वेळ फोनवर पाहून लिहा, दुपारी बाहेर पडताना शिवतं तीही लिहा, आणि मधली वेळ काढा. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबरच्या सुमारास केलंत तर सूर्याच्या चालीची दुरुस्तीही करावी लागणार नाही. ढगांमुळे जूनची तारीख टाळलेली बरी. मुंबईत उत्तर १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास येईल, पुण्यात १२.३५, नागपुरात १२.१४. बारानंतरची जितकी मिनिटं, त्यांना चाराने भागा आणि साडेब्याऐंशीतून वजा करा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या गच्चीचा रेखांश. नकाशाशी पडताळून पाहा आणि मग पान उलटा.